डाव्या हाताची चिंच

जत, १२ मे २०२४

चि. सौ. राणी हिस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळी खुशाल आहेत. फोनवर तू मला चार शब्द धड बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

पेपरातला तुझा फोटो पाहिला. वाईजवळच्या तुमच्या गावात जुन्या झाडांमधून पायवाट आखली, तू पाहुण्यांना ती हिंडवतेस, चांगलंच आहे. पण सगळ्यात मोठ्या चिंचेला टेकून तू उभी, आणि खाली छापलंय, मेंढरांच्या वाटेवर याच झाडाखाली राणीताईंचा जन्म झाला. आता तसा फलकही लागणार म्हणे. तुझ्या दाजींनी तो पेपर वस्तीभर फिरवला. शालन कुठं जन्मली, हे कुणी विचारलं नाही. मी घरात जन्मले, पत्र्याखाली. दर वैशाखात आईनं तुझ्या झाडाच्या नावानं मावळतीकडे तोंड करून गूळ-खोबरं ठेवायचं, आणि मी दारातून बघायचं.

आता ऐक. आबा सांगायचे, ओढा ओलांडला की डाव्या हाताचं झाड राणीचं. तू लग्न होऊन आपल्याकडून तिकडं गेलीस, डावीकडे चिंच दिसली आणि मिठी मारलीस. अगं, तुझा जन्म वैशाखातला. तेव्हा मेंढरं कोकणाकडून माघारी येत असतात, मग डावा हात पलीकडच्या बाजूला येतो. तिथं बाभळ होती. सहा वर्षांची होते मी, चांगलं आठवतं. रस्ता रुंद केला तेव्हा ती गेली आणि तिथं पंक्चरचं दुकान आलं. फलक लावायचाच तर तिथं लाव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
शालनअक्का

वाई, १९ मे २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग रागावले. मेंढरं विकली तेव्हा मी रांगत होते, मला कुठली वाट माहीत असणार? सासरी इतकी वर्षं मी मेंढक्याची पोर म्हणूनच राहिले. त्या चिंचेमुळे लोक पहिल्यांदा मला आमच्या गावची म्हणायला लागले. तेवढंही तुला बघवलं नाही?

आई तुझ्याकडे राहते, सकाळचा चहा तुझ्या हातचा घेते. मी कधी बोलले नाही, पण जळते, हे आज लिहूनच टाकते. पाच जूनला फलक उघडायचा आहे. यांना गाडी घेऊन पाठवते, आईला धाड. ती ज्या झाडाला हात लावेल ते माझं.

दाजींना नमस्कार. तुझ्यावर रुसलेली, तरी धाकटीच,
राणी

जत, ३ जून २०२४

चि. सौ. राणी हिस,
अ. उ. आ.

आई गाडीत बसली आहे, ही चिठ्ठी अमृतरावांच्या हाती देते. तिच्या गुडघ्याला तेल लाव. अंगावरचं लुगडं मी घेतलेलं आहे, ते लोकांना सांग. आमच्याकडे टँकरचं पाणी आणि ऊन. तुझ्या सावलीत ती रमेल आणि राहते म्हणेल, या भीतीनं मला घास गेला नाही. लवकर परत पाठव. एवढा लोभ ठेव.
शालन

वाई, ७ जून २०२४

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच खरं. आईनं गाडीतूनच पंक्चरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. माझी बाभळ तिथंच होती. मी जन्मले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला पाटीत घालून ती मेंढरांमागं चालायला लागली. मेंढरं कुणासाठी थांबत न्हाईत, असं हसत सांगत होती.

चिंचेशी मात्र हसू गेलं. खोडाला दोन्ही हात लावून भर समारंभात रडायला लागली. म्हणाली, ही माझ्या शालनची चिंच हाय. त्या साली कोकणात जाताना तुला ताप भरला, तू डोळे उघडेनास. आबा म्हणाले, पुढं निघायला पाहिजे. आई म्हणाली, तुमी जावा. मी तिच्या पोटात होते. तरी मेंढरं दिसेनाशी झाली आणि ती तुला मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिली, तू पाणी मागेपर्यंत. पुढं निघून गेल्याचं आबांना कायम लागून राहिलं, म्हणून घरात कुणी विषय काढला नाही.

फलकावरचा माझ्या जन्माचा मजकूर पुसून मी रंगाऱ्याला नुसतं ‘शालनताईंची चिंच’ लिहायला लावलं. लोक विचारतात, शालनताई कोण? माझी थोरली बहीण, असं सांगते. झाड गेलं त्याचं दुःख नाही गं. माझ्यासाठी ती थांबली नाही, तुझ्यासाठी थांबली, हे मात्र मनातून जात नाही. हेवा काय असतो ते मला आता कळलं.

तिला आठ दिवस तरी राहा म्हणून पाया पडले. रात्रीच पिशवी भरून ठेवली तिनं. म्हणते, मी नसले की शालन जेवत न्हाई.

तुझा हेवा करणारी, तरी तुझ्याच मायेची,
राणी