बावीस मिलिमीटर

सोमवार, ३ मार्च

मोडली! अकरा हजार दोनशे सहाव्या धक्क्याला मागचा डावा पाय काडकन गेला आणि मी टाळी वाजवली. मिस्त्री म्हणाले, "बाई, तुम्हाला नरकातही जागा मिळायची नाही. तिथल्या खुर्च्या मोडाल." आणि स्वतःच हसले.

माझं कामच ते. कारखान्यातली प्रत्येक नवी वस्तू दुकानात जाण्याआधी माझ्या खोलीत येते. खुर्चीवर वजनं आपटायची, टेबल उंचावरून पाडायचं, कपाटाची दारं ओढून ओढून उपटायची. जे वाचेल ते विकायचं. या खोलीला सगळे मोडखोली म्हणतात आणि मला मोडतोडबाई. तोंडावर म्हणतात. मला आवडतं! दिवसभर इतकं मोडलं की घरी न्यायला राग उरत नाही.

आज मोडली ती डिझायनरची लाडकी खुर्ची. सोळा मिलिमीटरचे पाय, बघताना भीतीच वाटते. डिझायनर म्हणजे कारखान्याचा हिरा, आणि माझ्या धाकटीचा नवरा. ओळख मीच करून दिली. हुशार, बोलायला मऊ, दारू-सिगरेट काही नाही. आणखी काय बघायचं असतं?

"पाय बावीसचे करा," म्हटलं. "ताई, बावीस म्हणजे हत्ती. तुम्हाला मोडायला आवडतं म्हणून मी कुरूप वस्तू करू?" आवाज नाही चढवला. तो कधीच चढवत नाही. हातातल्या पेन्सिलीचे मात्र दोन तुकडे झाले.

साहेब त्याच्या बाजूने. सोळाच राहिले.

शनिवार, ८ मार्च

धाकटीकडे जाऊन आले. त्यांच्या घराचे फोटो मासिकात येणार आहेत. घर कसलं, दुकानाची काच आहे! बसावं तर उशीला सुरकुती पडेल म्हणून मी तासभर सोफ्याच्या कडेला टेकले होते. फुलदाणी टेबलाच्या काठापासून एक वीत. दिवा खिडकीकडे तोंड करून. धाकटीने माझ्यासाठी पाणी आणलं, पेला ठेवला, आणि लगेच दोन बोटांनी सरकवून नीट केला. मी हसले. ती नाही हसली.

नवीन काय, तर त्याच्या कामाच्या खोलीचं दार. शेवाळी रंगाचं, भिंतीत बेमालूम बसवलेलं. बाहेरून बारीकशी खाच, आतून मूठच नाही! "मूठ म्हणजे गोंगाट, ताई." म्हटलं, आत अडकलात तर? म्हणाला, "मी कशाला अडकेन?"

धाकटीच्या दोन बोटांना पट्टी, नखं काळीनिळी. म्हणाली, "स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये सापडली." मी म्हटलं, वेंधळी ती वेंधळीच राहिलीस!

बुधवार, १२ मार्च

आजचा दिवस माझा!

डिझायनर सकाळी स्वतः मोडकी खुर्ची घेऊन आला. त्याच्याच घरची, त्या कामाच्या खोलीतली. "ही बसली आणि मोडली. लाकूड कच्चं आहे, तपासा. डिझाइनचा दोष नाही." मी वजनकाट्याकडे बोट दाखवून विचारलं, माझी बहीण बेचाळीस किलोची आहे, तिच्या वजनाने? त्याच्या गालाचं हाड तेवढं हललं.

मिस्त्रींनी मोडलेला पाय उलटसुलट केला. "टोकाला रंग लागलाय, बाई. हिरवट." म्हटलं, भिंतीला घासला असेल. रिपोर्टमध्ये ठणकावून लिहिलं — पाय अपुरा, बावीस मिलिमीटर करावा, आत लोखंडी सळई घालावी. डिझायनरच्याच घरात मोडली म्हटल्यावर साहेबांचं तोंड बंद. सही केली.

मोडकी खुर्ची भंगाराच्या पेटीत फेकली.

शनिवार, १५ मार्च

नवा पाय काही केल्या मोडत नाही. चाळीस हजार धक्के. मग हातोडा घेऊन मीच चढले. घाम फुटला, तळहाताला फोड आला, पाय तसाच! बावीस आणि सळई. राक्षस आहे.

दुपारी धाकटीचा फोन. "ताई, नव्या पायाची पहिली खुर्ची मला दे." म्हटलं, तुझा नवरा घेईल का घरात ते जाडं ध्यान? "दिसणार नाही तिथे ठेवेल. तू भेट म्हणून पाठव, म्हणजे परत पाठवता येणार नाही त्याला." मग हळूच, "कशावर आपटली तरी मोडत नाही ना?" म्हटलं, भिंतीवर आपट, भिंत पडेल! मी खूप हसले. ती म्हणाली, "लवकर पाठव."

सोमवार, १७ मार्च

खुर्ची पोचती केली. लाल फीत बांधून!

बुधवार, १९ मार्च

अक्षर धड येत नाही.

आज ड्रॉवरचा नवा माल तपासायला आला. हळू बंद होणारे. धाकटीच्या स्वयंपाकघरात आहेत तेच. गेल्या वर्षी मीच पास केलेले, यंत्राने ऐंशी हजार वेळा उघडझाप करून. नेहमीसारखं शेवटी स्वतःचं बोट घातलं आणि ड्रॉवर ढकलला. बोटाला टेकला आणि थांबला. पुन्हा ढकलला. पुन्हा थांबला.

या ड्रॉवरमध्ये बोट सापडत नाही. सापडतच नाही! नख काळं व्हायला कुणाला तरी मनगट धरावं लागतं. आणि दुसऱ्या हाताने ड्रॉवर दाबून ठेवावा लागतो.

भंगाराची पेटी उपडी केली. मोडका पाय शोधला. खुर्चीत बसून मोडलेला पाय बाहेर फाकतो, हे मी झोपेतही सांगेन. हा आत मोडला होता. टोक ठेचलेलं. म्हणजे पाठ दोन्ही हातांनी धरून खुर्ची उगारली होती. कशावर तरी हाणली होती, मोडेपर्यंत. मी रिपोर्टमध्ये लिहिलं — पाय अपुरा!

तो म्हणाला, ही बसली आणि मोडली. मी फक्त कोण बसलं ते विचारलं. खुर्ची कुणाच्या हातात होती हे विचारलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सोळाची काडी मोडली म्हणून ती वाचली असेल. आणि मी काय केलं? बावीसचा सोटा बनवला, आत लोखंड घातलं, लाल फीत बांधून त्याच्या घरी पोचवला. माकडाच्या हाती कोलीत दिलं.

धाकटीचा फोन बंद. आईला केला. आई म्हणाली, "अगं, संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच." मी फोन भिंतीवर फेकला. तो मोडला.

गुरुवार, २० मार्च

सकाळी गेले. त्याने दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट. "तिला बरं नाही, ताई. झोपलीय." हॉल चकाचक. नवी खुर्ची कुठेच नाही. विचारलं. "आत टाकलीय कामाच्या खोलीत. माफ करा, पण ती बाहेर ठेवण्यासारखी नाही."

हाक मारली. आतून काहीतरी आपटल्यासारखं झालं. एकदाच. मी धावले, त्याने दंड धरला. पिरगळला. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, उशी हलली." मी त्याच्या हाताला चावले, रक्ताची चव आली. त्याने मला फरफटत नेऊन बाहेर ढकललं, डोकं चौकटीवर आपटलं. भुवईला चार टाके पडले.

पोलीस चौकीत गेले. रक्त पुसत. "नवरा-बायकोचं आहे, बाई. संध्याकाळपर्यंत माणूस पाठवतो." संध्याकाळी विचारलं तर म्हणे, गेला होता, घर चांगलं आहे, घरच्या साहेबांनी सरबत दिलं.

कारखान्यात येऊन त्याच्या नमुन्याच्या सहा खुर्च्या फोडल्या. घणाने. मजा आली नाही. मिस्त्री दारात उभे राहिले, अडवलं नाही. सहावी झाल्यावर म्हणाले, "उद्या मी येतो तुमच्याबरोबर. घण मी घेतो."

शुक्रवार, २१ मार्च

निघायच्या आत धाकटीच मोडखोलीत आली. अनवाणी, ओठ फाटलेला, दोन्ही हातांत ती खुर्ची. पायाच्या टोकाला शेवाळी रंग. मी चूक वाचलं होतं — पहिली खुर्चीही तिच्याच हातात होती. नऊ दिवसांपूर्वी. तेव्हा पाय मोडला, दार नाही.

आज ते बिनमुठीचं दार अकराव्या फटक्याला गेलं, म्हणाली. तो दारामागेच उभा होता. बारावा दाराला नव्हता.

पाय तपासला. शाबूत.