'मिसिंग'चा अर्थ

शिरोडा, ता. ३ ऑगस्ट १९५८

ती. हरिश्चंद्रदादास,
धाकट्या मथुराचा शि. सा. न. वि. वि.

यांच्या आगबोटीच्या कंपनीकडून इंग्रजी कागद आला. धोंडू मास्तरांनी वाचून सांगितलं की वादळ झालं आणि हे 'मिसिंग' आहेत. कोश काढून अर्थही सांगितला, हरवलेला. सासूबाई रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, की हरवलो तर गावतलो. गोठ्यातली पाडी नाय गावली आठ दिवसांनी? मास्तर हसले नाहीत, म्हणून मला भीती वाटते. कंपनीवाले हा शब्द नेमका केव्हा वापरतात, ते तिथे जाऊन विचार आणि कळव.

वहिनींस नमस्कार. माया आहेच, ती तशीच ठेव.
तुझी मथुरा

मुंबई, ता. १४ ऑगस्ट १९५८

चि. सौ. मथुरा हीस,
अनेक आशीर्वाद.

कंपनीत जाऊन आलो. मास्तर म्हणतात तोच अर्थ. हजेरीला माणूस दिसला नाही की तसं लिहितात. शोध चालू आहे. तू शब्दाचा कीस काढत बसू नकोस. लहानपणी पंचांग घेऊन बाबांना असंच भंडावून सोडायचीस. सासूबाईंना जप, वेळेवर जेव.

तुझा दादा

शिरोडा, ता. २ डिसेंबर १९५८

ती. दादास सा. न. वि. वि.

जत्रेला देवाला गाऱ्हाणं घालताना सासूबाईंनी घरातल्या पुरुषांचे नारळ ठेवले, त्यांत यांचाही ठेवला. मी मास्तरांकडे त्या शब्दाची वाक्यं शिकते. सदऱ्याचं बटण मिसिंग आहे. पुस्तकातलं पान मिसिंग आहे. माणसाचं वाक्य मागितलं की मास्तर चष्मा पुसत बसतात. ते तू दे. खरं लिही, दादा. रोज कुंकू लावताना माझा हात थांबतो. लावू की नको, हे मला कोणीच सांगत नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
मथुरा

मुंबई, ता. १८ डिसेंबर १९५८

चि. मथुरा हीस,
आशीर्वाद.

उत्तर लिहायला बसलो आणि चार कागद फाडले. माणसाचं वाक्य मला कागदावर जमत नाही. शिमग्याला येतो, तेव्हा समोर बसून बोलू. तोवर धीर सोडू नकोस.

तुझा दादा

शिरोडा, ता. २७ डिसेंबर १९५८

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लग्नाला पाच वर्षं झाली, तू दर पत्रात 'चि. सौ.' लिहीत आलास. या वेळी नुसतं 'चि. मथुरा'. पहिल्याच ओळीला मी उंबऱ्यावर बसले. तुझ्या हातून चुकून राहिलं असेल, पण तुला कंपनीत खरं काय ते पहिल्याच दिवशी कळलं असणार. विहिरीवर जाऊन पोटभर रडले. तुझ्यावर राग नाही.

सासूबाई पत्र वाच म्हणून मागे लागल्या. मी 'सौ.' घालून मायना मोठ्याने वाचला, आणि पुढचं तू येतोस तेवढंच सांगितलं. त्यांना वाटलं, तू यांना घेऊनच येणार. म्हणाल्या, की शिमग्याक माझो झील येतलो, तेका नवो सदरो शिवून ठेव गो. मी कापड आणलंय. उद्या बेतायला घेईन.

त्या आहेत तोवर मी कुंकू लावणार. मी घरात नसले की शेजारची सुशीला त्यांना पत्र वाचून दाखवते, म्हणून एवढं कर. यापुढे माझ्या नावामागे 'सौ.' लिहायला विसरू नकोस.

तुझी बहीण,
सौ. मथुरा