तळव्यांची झिलई

१६ नोव्हेंबर, रविवार

घर मिळालं, आणि मनासारखं मिळालं. छावणीतला दगडी बैठा बंगला, मागे कडुलिंब, शेंद्र्याला जाणारी आमच्या कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. मालक केशवराव पुण्याला मुलाकडे असतात. किल्ली द्यायला आले तेव्हा जमीन दाखवताना त्यांचा आवाज हळू झाला. सगळ्या खोल्यांत सागाच्या फळ्या. या शहरात शहाबादी नाहीतर टाइल. लाकडावर मी पहिल्यांदाच राहणार. दारात चपला काढून आत गेले, तर पायांना ऊब लागली. बरं वाटलं.

पुढच्या रविवारी मामेभाऊ विश्वजित आईला वैजापूरहून कायमचं इकडे आणून सोडेल. तिला मधुमेह आहे, तळव्यांना संवेदना उरलेली नाही. मागच्या वर्षी काचेचा तुकडा पायात घेऊन ती दिवसभर स्वयंपाक करत होती. जखम भरायला पावसाळा गेला. पुढच्या वेळी पाय वाचेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि घरातही चप्पल घाला म्हणून बजावलं. तिने त्यांनाच विचारलं, तुमच्याकडं चपला घालून देवापुढं जातात व्हय. विषय संपला. त्यामुळे प्रश्न जमिनीचा आहे. इथे तिच्या पायात कुसळ जाता कामा नये.

१७ नोव्हेंबर

कंपनीत मी रंग आणि लेप तपासते, त्यामुळे चाचणीशिवाय निर्णय नाही. कपाटाखाली पाण्याचा थेंब टाकला. मण्यासारखा उभा राहिला. तिथली झिलई शाबूत आहे. दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पायवाटेवर टाकला, तो लगेच आत गेला. जिथे माणसं चालतात तिथेच लाकूड उघडं पडलं आहे आणि त्याची कुसळं वर आली आहेत.

सगळं घासून नवी झिलई द्यावी की आहे तसं ठेवावं, हे विचारायला केशवरावांना फोन केला. ते म्हणाले, आमच्या घराण्यात हिला पॉलिश कधी लागलंच नाही. घरची माणसं अनवाणी फिरली की लाकूड आपसूक चमकतं. मधे बरीच वर्षं घर रिकामं राहिलं म्हणून रया गेली. आता तुम्ही आलात, येईल चमक. मी म्हटलं, मी घासून घेणार आहे. घ्या की, म्हणाले.

१९ नोव्हेंबर

रजा टाकली. क्रांती चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने मोतीराम मिस्त्रीला पाठवलं. बोलका माणूस. जमीन घासायला आला तरी चपला बाहेर काढल्या. मी बूट घालायला सांगितलं तर म्हणाला, ताई, भरल्या घरात पायताण घालून शिरलो तर आमची मालकीण मलाच रंधा मारंल.

मशीन लावलं. सागाचा भुसा कोरडा उडायला हवा. उडाला नाही. सँडपेपरखालून पांढुरक्या, मऊ सुरळ्या निघाल्या. आंघोळीला वजरीने टाच घासली की निघतात तशा. वासही तसाच, दिवसभर बुटात कोंडलेल्या पायाचा. मोतीरामने सुरळी नाकाशी नेली, जुनं मेण हाय म्हणाला, आणि मिस्त्री नेहमी करतात तेच केलं: निघालेला माल गोंदात मळून फळ्यांच्या फटींत अंगठ्याने भरला. लगदा त्याच्या नखात बसला. त्याच हाताने त्याने तंबाखू मळली. मला माझा डबा उघडवला नाही.

एक सुरळी चिमट्याने उचलून पिशवीत ठेवली.

२१ नोव्हेंबर

कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरळी तपासली. मेण नाही, लाख नाही. प्रथिनं आणि चरबी. नमुना पुन्हा लावला. आलेख कातडीचा आहे.

हात धुतले. परत धुतले.

मोतीराम कालपासून आलेला नाही. फोन केला तर हसला. म्हणाला, ताई, तळवं पार तान्ह्या बाळागत झालेत, बायको म्हणती मुका घेऊ का. मग म्हणाला, पलंगावरून उतरलो की रगत येतंय. मग हसला नाही.

फोन ठेवून माझे पाय पाहिले. उजव्या अंगठ्याखालचं कुरूप गेलं आहे. टाचांच्या भेगा गेल्या. रेषाही नाहीत. तळवा गुलाबी, पातळ, ओला दिसतो. मी याला हवाबदल समजत होते.

२२ नोव्हेंबर

घासलेल्या वाटेवर झिलई आली आहे. कुणी लावलेली नाही.

बोट टेकवलं. कोमट. चिकट. भरलेल्या फटींवर खपली धरली आहे. झिलईत बारीक रेषा आहेत, टाचांना असतात तशा. उंबऱ्याजवळ एक टणक गाठ — काल नव्हती. नखाने खरवडली. मधे पिवळट डोळा.

माझं कुरूप.

बेसिनपर्यंत पोचले नाही. जमिनीवरच ओकले. फडकं आणेपर्यंत जमीन कोरडी झाली होती.

आता घरात सेफ्टी शूज. आईला फोन केला, येऊ नकोस, जमीन खराब आहे. ती म्हणाली, आम्ही शेणाच्या जमिनीवर बाळंत झालो, तू मला जमिनी सांगती. विश्वजितची गाडी ठरलीय. मी म्हटलं, बस स्टँडजवळ लॉज घेते. तिने विचारलं, घरात कोणी आहे का गं. नाही म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

जमिनीवर अंथरायला जाड प्लास्टिक आणायला चौकात गेले. तेवढ्यात — मामेभाऊ विश्वजित लवकर निघाला होता. शेजारच्या वच्छलाबाईंकडे ठेवलेली जादा किल्ली घेतली, आईला आत सोडून तो गेलाही.

तिच्या चपला दाराबाहेर. नीट जोडीने.

आई वाटेच्या मधोमध उभी. खूश. झाडून झालं, दिवा लावून झाला. म्हणाली, बूट काढ आधी. मग म्हणाली, सावनी, किती वर्षांनी माझ्या पायाला कळतंय गं. ऊन ऊन लागतंय. गुदगुल्या होतात.

चल म्हटलं. ती हललीच नाही. थांब की जरा, म्हणाली.

काखेत हात घालून ओढलं. पाय उचलेनात. विश्वजित फोन उचलत नाही. अॅम्ब्युलन्स सांगितली आहे. तिला खुर्चीवर टेकवलंय. पाय तसेच खाली.

तळव्यांच्या कडा — कडा नाहीत. फळी आणि पाय यांत फट नाही.

पुन्हा ओढलं. फळीवरचं तिला कळतं, ओढलेलं कळत नाही. दुखत नाय, ओढ तू, म्हणते.

उजवा सुटला. हातात हलका लागला. खाली बघायला लागू नये म्हणून लिहिते आहे.

बूट भिजले आहेत. वास — त्या सुरळ्यांचा.

आई विचारते, सुटला का गं. दाखव.

मी अजून खाली —