फेब्रुवारीत नुसतं गवत

१४ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे प्रवास कंपनीच्या कचेरीत जाऊन आलो. तिथल्या बाईंनी भिंतीवरच्या पूर्व आफ्रिकेच्या नकाशावर बोट फिरवून सगळं समजावलं. त्या जनावरांना वाइल्डबीस्ट म्हणतात, दुसरं नाव नू. (दीर्घच लिहितो. एकाक्षरी शब्द दीर्घ, असं मास्तर सांगायचे.) फोटो पाहिला. अंग गायीचं, आयाळ घोड्याची, दाढी बोकडाची, जणू उरलेल्या सामानातून जुळवलंय. पावसाच्या आणि गवताच्या मागे लाखोंचा कळप वर्षभर गोल फिरतो. चालायला सुरुवात कुठून करतात, असं मी विचारलं, तर बाई हसल्या. म्हणाल्या, सुरुवात नसतेच, आपण जिथून बघू तिथून.

ऑगस्टच्या सुमारास कळप उत्तरेला मगरींची नदी ओलांडतो. जगभरची माणसं तेच बघायला जातात. तेव्हा तुझ्या सहलीसाठी पुढचा ऑगस्ट नक्की करावा, असं माझं मत. फेब्रुवारीत कळप दक्षिणेच्या माळावर असतो. तिथे नुसतं गवत.

माझं काम बरं चाललंय. सध्या एका दवाखान्याची पाटी रंगवतोय. शब्द अवघड आहेत, तीनतीनदा ताडून बघतो.

लोभ आहे तो तसाच राहू दे.
तुझा भाचा

---

२ ऑक्टोबर

चि. शंकोबास,
अनेक आशीर्वाद.

नुसतं गवत म्हणे! वाचनालयातून मी चित्रांचं जाडजूड पुस्तक आणलंय. अरे लबाडा, फेब्रुवारीत त्या गवतात पिल्लं जन्मतात. दोनतीन आठवड्यांत लाखो! पिल्लू जमिनीवर पडतं, धडपडतं, उभं राहतं आणि आईच्या बाजूने पळायलाही लागतं. पाटीवर एक काना राहिला तर तुला घास गिळत नाही, आणि एवढा मजकूर बरा गाळलास?

तुला वाटेल, आत्याचं डोकं फिरलं. जन्मभर बाळंतपणंच केली, आता आणखी काय बघायचंय? पण मी वॉर्डात एकही जन्म नीट बघितला नाही रे. बघायला वेळ कुठे होता? इकडून सिस्टर, तिकडून सिस्टर. डोळे बाळावर, कान पुढच्या खाटेकडे. आता एकदा असे जन्म बघायचेत, जिथे मला कुणी हाक मारणार नाही. डोळे मिटले की तो माळ दिसतो. वाऱ्याने गवत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळतंय, आणि मी हातात चहा घेऊन, पाय सोडून बसलेय. कामाची नाही, कुणाची नाही.

मगरी तुला लखलाभ. माझं फेब्रुवारीचं ठरव.

आणि या वेळी सूनबाईच्या दोन ओळी का नाहीत? रुसली की काय?

तुमची आठवण काढणारी,
आत्या

---

१५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फेब्रुवारीत तिकडे डास असतात. मध्येच पाऊस येतो, गाड्या चिखलात रुततात. शिवाय विमानात इतका वेळ बसून तुझे गुडघे धरतील.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचललं, कारण वर लिहिलेलं खरं असलं तरी कारण ते नाही.

हिला दिवस गेलेत. डॉक्टरांनी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा सांगितलाय. तुला कळवायचं नाही, असं हिने मला बजावलं होतं. कळलं की तू सगळं सोडून धावत येशील, म्हणाली. म्हणून खरं कारण न सांगता मी तुला ऑगस्टकडे ढकलत होतो. गेल्या वर्षी आमचं जे गेलं, त्या दिवशी तू हिच्या उशाशी होतीस. मी बाहेर भिंतीला टेकून होतो आणि आतून फक्त तुझा आवाज येत होता. त्या आवाजावरच मी उभा होतो. तो नसेल तर काय करायचं, हे मला ठाऊक नाही.

याहून स्पष्ट मागायला हात धजत नाही.

राग धरू नकोस, माया असू दे.
तुझा भाचा

---

२४ ऑक्टोबर

चि. शंकोबा आणि चि. सूनबाई यांस,
अनेक आशीर्वाद.

पोरांनो, मी घरात एकटीच मोठ्याने हसले. शेजारीण डोकावून गेली.

फेब्रुवारीचं रद्द. यात विचार करण्यासारखं काही नाही. कळप काय, गोल फिरतो. आणखी कधीतरी बघू. सूनबाईने जड उचलायचं नाही आणि शंकोबाने तिला दर तासाला कसं वाटतंय ते विचारायचं नाही. जानेवारीअखेरीस मी येतेच.

पुस्तक वाचनालयात देऊन आले. मुदत बाकी होती, पण घरात असलं की उघडलं जातं.

सांभाळून राहा.
आत्या

---

६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने मोठ्याने वाचलं. पुस्तकाच्या ओळीशी आली आणि थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, आता आपणही त्यांना हाक मारली का?

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तुझ्या नावाने फेब्रुवारीची जागा पक्की करून आलो. बाईंनी नाव लिहिताना वेलांटी चुकवली, ती दुरुस्त करून घेतली. आता माघार नाही.

डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. माझी भीती गेली का विचारशील, तर नाही. ती माझी मी सांभाळीन. हिने निरोप दिलाय, आत्याबाईंना म्हणावं, न आल्यात तरच मी रुसणार नाही.

जाऊन ये. आमच्यावरचा लोभ तिथे सोबत ने, पण काळजी इथेच ठेव.
तुझा भाचा

---

११ फेब्रुवारी, तंबूतून

चि. दोघांस,
अनेक आशीर्वाद.

पहाटे धुकं होतं. गाडी थांबली तेव्हा आधी नुसता आवाज ऐकू आला, हजारो घसे एकदम गुणगुणल्यासारखा. मग धुकं विरलं आणि क्षितिजापर्यंत काळी जनावरं. आमच्यापासून जवळच एक आई उभी होती. पिल्लू अर्धं बाहेर आलेलं. मला राहवलं नाही. होतंय गं, होतंय, घाबरू नकोस, असं मी आपल्या भाषेत ओरडले. ड्रायव्हर दचकला, मग पोट धरून हसला.

पिल्लू पडलं. उठलं, कोसळलं, पुन्हा उठलं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. रिकामे हात किती हलके असतात, हे मला माहीतच नव्हतं. पाणी आलं डोळ्यांत, ते पुसलंही नाही.

तिकडे काय झालं असेल, हा विचार येतोच. येऊ दे.

तुमचीच,
आत्या

---

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या घरी टाकतोय, परतलीस की मिळेल. काल सकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. वजन चांगलं आहे, आवाज फारच चांगला आहे.

मी या वेळी भिंतीला टेकलो नाही. आत बोलावलं तेव्हा गेलो. हिचा हात धरला आणि तू बोलायचीस तसं बोलायचा प्रयत्न केला. हिने मध्येच डोळे उघडून सांगितलं, की तोंड बंद ठेव, फक्त हात धर. तसं केलं.

नंतर तिथल्या सिस्टरांनी विचारलं, घरात कुणी मोठं बाईमाणूस नाही का? मी म्हटलं, आहे ना. ती रजेवर आहे.

तिघांचा नमस्कार. माया वाटून घ्यायला आता आणखी एक आहे.
तुझा भाचा