‘आपल्या घरात’ म्हणजे कोणाच्या?

१० ऑक्टोबर १९७६, रविवार

कन्हानला जाऊन आले. विचारायला बारा वाक्यं नेली होती, तीनच झाली! गोपाळराव प्रत्येक वाक्यामागे गोष्ट मागतात. मी कोरियनमध्ये म्हटलं, “थोरल्याने धाकट्याला आपल्या घरात मारलं.” घर कोणाचं? मग ‘धाकट्याला’ आधी आणलं — आता घर कोणाचं? त्यांच्या भाषेतही शब्द मराठीसारखेच मागेपुढे होतात. ते हलवले की ‘आपलं’चा धनी बदलतो का, एवढंच माझ्या प्रबंधाला हवं आहे. तर हे म्हणतात, “पण मारलं काहून, बाई?”

उदाहरण आहे हो ते! — मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी खाली पाहत उत्तर दिलं, “थोरल्याचं.”

त्यांचं खरं नाव पाक. कोरियाच्या लढाईत कैदी झाले. सुटल्यावर उत्तरेत नको, दक्षिणेतही नको म्हणाले आणि चोपन्न साली हिंदुस्थानात आले. कन्हानला कोंबड्या पाळतात. पासष्टच्या पाकिस्तानशी झालेल्या लढाईत ‘पाकसाहेब’ ही हाक गावाला जड जायला लागली, तेव्हा गावानेच त्यांचे गोपाळराव करून टाकले. पुण्यात माझे मार्गदर्शक सर आणि बरोबरीचे लोक माझा हेवा करतात. नागपुरात बसून हिला कोरियन माणूस सापडला! मीही ऐटीत सांगते, “माझा कोरियन.”

१७ ऑक्टोबर

तुळसाबाई, म्हणजे त्यांची बायको, चहा देताना म्हणाल्या, “रविवार आला का सकाळपासून दाढी करून बसतात. कोंबड्याईसंगही आता त्याईच्याच भाषेत बोलून राहिले!” गोपाळराव लाजले. मी घड्याळ पाहिलं. बस चुकली असती.

३१ ऑक्टोबर

काय करून बसले मी!

दिल्लीत कोरियन शिकवणारे एक गृहस्थ व्याख्यानासाठी नागपुरात आले आहेत, मूळचे सेऊलचे. म्हटलं, गोपाळरावांची उत्तरं यांच्याकडून तपासून घ्यावी. न विचारता, न कळवता त्यांना थेट कन्हानला घेऊन गेले. गोपाळराव धावत आत गेले, इस्त्रीचा सदरा घालून आले. वाकून काहीतरी बोलले, भरभर, अडखळत. मी त्यांना इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

पाहुणे हसले. मला इंग्रजीत म्हणाले, उत्तरेकडची खेडवळ बोली आहे ही, आणि तीही मोडकी. यावर शोधनिबंध लिहिणार?

आणि मी? सोबत आलेल्या आमच्या कॉलेजच्या बाईंकडे वळून मराठीत म्हणाले, “हो ना, वीस वर्षं कोणाशी बोललेच नाहीत. पार गंजलंय सगळं.”

मराठीत! त्या माणसाच्या अंगणात, त्याच्यासमोर! त्याला मराठी माझ्याइतकंच कळतं, हे त्या क्षणी मला सुचलंच नाही. का सुचलं नाही? कारण माझ्या लेखी ते माणूस नव्हतेच, वाक्यं तपासायचं साधन होते.

पाहुण्यांनी पुढे काही विचारलं, तर गोपाळराव म्हणाले, “मले नाही येत ते.” निघताना मी हाक मारली, तर कोंबड्यांना दाणे टाकत राहिले.

१ नोव्हेंबर

वर्गात शिकवता शिकवता आठवलं. मुलींकडे पाठ करून फळा पुसत राहिले. फळा कोराच होता.

१४ नोव्हेंबर

रविवार. गेले नाही. सरांचं म्हणणं, दिल्लीच्या पाहुण्यांचीच उत्तरं घ्या, काम लवकर उरकेल. मला बरं वाटलं — सुटल्यासारखं! गोपाळरावांची सगळी उत्तरं काढून टाकली. त्यांना निरोपसुद्धा पाठवला नाही. काय तोंडाने पाठवू?

५ डिसेंबर

तुळसाबाई कॉलेजच्या फाटकाशी उभ्या होत्या. आता रविवारी मी ग्रंथालयात असते, हे कोणाकोणाला विचारून काढलं म्हणे. “ताप उतरत नाही. मराठी बोलतच नाहीत. त्याईच्या भाषेत बोलून राहिले, मले एक अक्षर समजत नाही. चला वं माय.”

गेले. खाटेवर होते, डोळे मिटलेले. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होते. क्रियापद आधीच येऊन जात होतं, बाकीचे शब्द मागून कसेही! आणि मला आनंद झाला! इतके महिने अशी मोकळी वाक्यं शोधत होते ना! अर्थ लागत नव्हता, तरी मनातल्या मनात घोकत होते.

“काय म्हणतात?” तुळसाबाईंनी विचारलं. “कोणाले बोलावतात?”

“नाही समजत.”

“तुमचा तं हाच अभ्यास हाय ना?”

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मी पदराशी चाळा करत बसले. गोपाळरावांच्या घरी, तिकडे कोरियात, कोण कोण होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. कोरियन वाचते, लिहिते, त्यावर व्याख्यानं देते — आणि एक आजारी माणूस काय मागतो ते कळत नाही!

१२ डिसेंबर

ताप उतरला. उन्हात बसले होते. मी आधी माफी मागितली. मग तापात म्हणत होते ते, घोकलेलं, जमेल तसं म्हणून दाखवलं. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा माझा एक उच्चार सुधारला.

मग माझ्याकडे न पाहता बायकोला म्हणाले, “तापात माही माय विचारून राहिली होती, बहिणीले संग आणलं का म्हणून.”

तुळसाबाईंचे हात सुपातच थांबले. म्हणाल्या, “इतकी वर्षं झाली लग्नाले. मले सासू हाय, नणंद हाय, हे आज समजलं.”

ते बायकोला सांगत राहिले, मराठीत. मी उठून बसची वाट धरली.