दुसऱ्यांच्या सामानाचा भाडेकरू

तीर्थरूप आत्याबाईंना माझा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे, नव्या औषधाने पोट बिघडत नाही ना, आणि शेजारच्या बाईंशी बोलणं पुन्हा सुरू झालं की नाही, हे सगळं मनापासून विचारतो आहे. (शेजारच्या बाईंबद्दल उत्तरात थोडक्यात लिहिलंत तरी चालेल.) मीही ठीक आहे असं लिहिणार होतो, पण तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू? आठवडाभर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलेली आहे. चष्म्याच्या दुकानात भिंग घासायला बसलो की नंबर चुकतो, आणि एका गिऱ्हाइकाला परवा मी जो चष्मा करून दिला तो घालून तो सरळ काचेच्या दारावर जाऊन आपटला. याला जबाबदार विमा आहे.

झालं असं, की आमच्या वरच्या मजल्यावर एक मत्स्यप्रेमी राहतो. बँकेत कारकून आहे आणि माणसांशी एक शब्द बोलत नाही, सगळं बोलणं माशांसाठी राखून ठेवतो. माशांना मोकळं वाटावं म्हणून त्याने खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची टाकी बसवली होती. ती फुटली. पाणी माझ्या छतातून, पंख्याच्या भोकातून, थेट मामेभावाच्या चालायच्या यंत्रावर आलं. (डॉक्टरांनी दम दिला म्हणून त्याने ते घेतलं, एकदा त्यावर चालला, आणि 'तुझ्याकडे जागा आहे' म्हणून माझ्याकडे आणून टाकलं.) पाणी आत गेल्याबरोबर ते यंत्र आपोआप धावायला लागलं. माझ्या घरात आल्यापासून त्याने केलेलं हे पहिलं काम. मग धूर निघाला आणि ते कायमचं थांबलं. तेवढ्यात मत्स्यप्रेमी बादली घेऊन दारात हजर. मला वाटलं, पाणी उपसायला मदत करेल. तर तो रडवेल्या आवाजात विचारतो, एखादा मासा खाली आलाय का? मी नाही म्हणालो तर माझ्यावर विश्वास न बसल्यासारखा सोफ्याखाली वाकून बघून गेला.

मी घरमालकांना फोन केला. त्यांनी अगदी गोड आवाजात काखा वर केल्या. म्हणाले, इमारतीचा विमा आहे, त्यामुळे छत, भिंती, रंग यांची काळजी करू नका. (मी करतच नव्हतो.) पंखा ज्या हुकाला लटकतो तो हूकसुद्धा त्यांच्या विम्यात येतो. पंखा येत नाही, कारण पंखा माझा. म्हणजे उद्या आग लागली, तर हुकाला नवा हूक मिळणार आणि मी त्याच्याखाली उभा राहून वारा आल्याची कल्पना करणार! भाडेकरूने आपल्या सामानाचा वेगळा विमा काढावा, शहाणी माणसं काढतात, असंही त्यांनी जाता जाता ऐकवलं. इतकी वर्षं वेळेवर भाडं देऊन मला एवढा साधा मान मिळू नये?

तेव्हापासून जो भेटेल तो सल्ला देतो. दुकानाचे मालक म्हणतात, काढ. माझ्याशेजारी बसून फ्रेमला स्क्रू लावणारा गृहस्थ म्हणतो, मुळीच काढू नकोस, पैसे द्यायची वेळ आली की हे लोक असं काही बोलतात की पाणी ओलं होतं हेसुद्धा आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. मला त्याचं पटलं. पण नुसतं नाही म्हणण्यात मजा नाही, कुणाच्या तरी तोंडावर नाही म्हणायला हवं. म्हणून मी विमावाल्या बाईंना मुद्दाम घरी बोलावलं. काय काय ऐकवायचं ते आदल्या दिवशी आरशासमोर म्हणूनही बघितलं.

बाई आल्या, चपला दाराबाहेर नीट लावून ठेवल्या, चहा नको म्हणाल्या, आणि घर बघायला लागल्या. सोफा कुणाचा? थोरल्या भावाचा, त्याच्या नव्या पडद्यांशी रंग जुळेना म्हणून माझ्याकडे. हे यंत्र? मामेभावाचं. शिवणयंत्र? वहिनीच्या बहिणीचं (ती आता शिवत नाही, पण विकायला तिचा जीव होत नाही). जेवणाचं टेबल? भावाचंच, आणि खुर्च्या त्याच्या साडूच्या. कोपऱ्यातलं मोठं कपाट? आत्याचं. आत काय आहे? ठाऊक नाही, किल्ली आत्याकडे. बाईंनी मान वर करून माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. अहो, मग तुमचं काय आहे, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, पंखा. मग आठवून आठवून खाट, किटली, दोन पातेली आणि पायरीचं स्टूल सांगितलं. चष्मे सांगणार होतो, पण ते दुकानातले नमुने आहेत. त्यावर बाई म्हणाल्या, दुसऱ्यांच्या मालाचा विमा तुम्हाला काढता येणार नाही, आणि तुमचं आहे तेवढ्यासाठी, खरं सांगू का दादा, तुम्हाला विम्याची गरज नाही.

आत्याबाई, नाही मी म्हणणार होतो! माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर, माझा असा पाणउतारा? विमा विकणाऱ्या बाईने विमा विकायला नकार द्यावा, इतकं माझं घर रिकामं? आणि ते भरलं कुणी? ज्यांची स्वतःची घरं आहेत त्यांनी. ज्याचं घर स्वतःचं नाही तोच एक जागावाला निघाला. मी घरात वाट काढत आडवा चालतो, टेबलाच्या कडेला गुडघा आपटतो, आणि हिशेबात माझ्या वाट्याला एक पंखा!

तेव्हा मी सगळ्यांना कळवलं आहे, की ज्याने त्याने आपलं सामान मुकाट्याने घेऊन जावं. तुम्ही वडीलधाऱ्या, म्हणून तुम्हाला फोन न करता पत्र लिहितो आहे. राग मानू नये. कपाट येत्या रविवारी न्यावं. हमाल मी सांगून ठेवले आहेत.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, म्हणून पुढचं लिहितो. भावाने सोफा, टेबल आणि साडूच्या खुर्च्या दुसऱ्याच दिवशी नेल्या आणि सोफ्याला माशांचा वास येतो म्हणून मलाच बोलला. वहिनीची बहीण रिक्षा घेऊन आली. मामेभाऊ जळकं यंत्र घेऊन गेला आणि जाताना दार आपटलं. आता हात पसरून सरळ चालता येतं. मनासारखं झालं.

आणखी ता. क. भाऊ पूर्वी दर शनिवारी फोन करून सोफ्यावर ऊन येत नाही ना विचारायचा. मामेभाऊ यंत्रावर कुणी कपडे वाळत घालत नाही ना विचारायचा. आता कुणाचाच फोन नाही. मी आपणहून केला, तर भाऊ म्हणाला, काही राहिलंय का तुझ्याकडे आमचं? नाही म्हटल्यावर बोलायला काही उरलं नाही.

शेवटचा ता. क. कपाट नेऊ नका. हमालांना नको म्हणून सांगितलं आहे. आत काय आहे तेही मला कळायला नको. ओल अजून लागलेली नाही, पण या भिंतीचा काही भरवसा नाही. तुम्ही आपला फोन करून विचारत जा.