बसून करायचं काम

३ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना हे शेजारीच असतात, म्हणून पत्र. कामावर विजेच्या खांबावरून उतरताना शिडीची शेवटची पायरी सोडून मी उडी मारली. पाय जमिनीत रुतला, अंग मात्र वळलं. गुडघ्यात फट्‌कन आवाज झाला. एमआरआयमध्ये पुढचं लिगामेंट पूर्ण तुटलेलं निघालं.

डॉक्टर म्हणाले, पुढे काम कोणतं करणार त्यावर उपचार ठरेल. बसून काम असेल तर व्यायामाने भागू शकतं. खांब चढायचे असतील तर मांडीमागची कंडरा काढून नवं लिगामेंट बसवावं लागेल. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, ती आता बसूनच काम करणार. आमच्या साहेबांना भेटून तक्रार-खिडकीवरची खुर्चीही माझ्यासाठी ठरवून आलेत! पाण्याचा पेला हातात आणून देतात, उठू देत नाहीत. चौथा मजला, लिफ्ट नाही, काखेत कुबड्या. रुसून जाऊ तरी कुठे?

तुझी,
खार

११ जून

चि. खारीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पेला हातात आणून देतात? माझ्या नवऱ्याला चार दिवस शिकवणीला पाठवू का?

तुझ्या ह्यांना मी फोन केला. चांगलं फैलावर घेणार होते, पण ते रडायलाच लागले. म्हणाले, वारा सुटला आणि ती खांबावर असली की घास उतरत नाही. भला माणूस आहे गं, तिथेच तर अडतं. वाईट माणसाशी निदान कडाकडा भांडता येतं. पण गुडघा तुझा आहे. शेजारणीला सोबत घे, जिने बसत बसत उतर, पण डॉक्टरांना तुझ्या तोंडाने सांग.

तब्येत सांभाळ, आणि जीभही चालव.

तुझी,
ताई

२० ऑगस्ट

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना सांगून आले, मला खांबच चढायचेत. सूज उतरेपर्यंत थांबून मग ऑपरेशन झालं. नऊ-दहा महिने तरी खांब नाही, आणि पुढचीही हमी नाही. हे कितीतरी दिवस बोललेच नाहीत. जेवण आणून ठेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. व्यायामात टाचेखाली उशी घेऊन गुडघा खाली दाबायचा असतो. तो सरळच होईना, तेव्हा वाटलं, मीच हट्टाने स्वतःला कोंडून घेतलं. खिडकीतून आमच्या खात्याची माणसं शिडी लावताना दिसली की मी पडदा ओढते.

काल फिजिओथेरपीच्या बाईंनी जिना उतरायची परवानगी दिली. कुबडी आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. हे हात धरायला आले. मी म्हटलं, धरू नका. तर दोन पायऱ्या खाली गेले आणि माझ्याकडे तोंड करून, हात पसरून, उलटे उतरू लागले. मी ओरडले, अहो, पडाल ना! ते म्हणाले, वाटली ना भीती? मला रोज वाटते. आणि थांबले नाहीत, उतरत राहिले. मीही.

लोभ आहेच, तो असाच भांडखोर राहू दे.

तुझी,
खार